व्हय म्हणणारा रोबो

३ फेब्रुवारी, सोमवार

मृणूनं पुस्तक काढलं! मृण्मयीनं — आम्ही ज्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहतो, त्या बंगल्याची लेक. शाळेला गठ्ठाभर प्रती फुकट. मोठ्या बाई म्हणाल्या, "चैताली, पुढच्या सोमवारी लेखिका स्वतः येणारेत. त्याआधी तुझ्या पहिलीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखव."

चित्रांचं पुस्तक. तारा नावाची मुलगी रॉकेटनं चंद्रावर जाते. सोबत दोस्त — एक रोबो. नाव खटपट.

ते रॉकेट म्हणजे बंगल्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. तो खेळ माझा! सुट्टीत ती पुण्याहून आली की आम्ही दोघी टाकीवर. उलटे आकडे मी म्हणायचे.

आणि पुस्तकात मी कुठंय? आहे की. पत्र्याची!

५ फेब्रुवारी

खटपट बॅग उचलतो. दार उघडतो. चहा आणतो — चंद्रावर चहा! बोलतो कसा? "व्हय तारा." "न्हाई तारा." "लय लांब हाय." लहानपणी मी बोलायचे तसंच. तारा पुस्तकभर त्याला सुधारते. शेवटच्या पानावर तो "हो" म्हणतो, तेव्हा त्याला छातीवर चांदणी मिळते. मग तो दोस्त. तोवर नाही!

आज वर्गात वाचलं. पोरं खदाखदा हसली. मंगल तेवढी हसली नाही. "टीचर, ह्यो आमच्या आज्जीवानी का बोलतोय?"

मी पान उलटलं.

६ फेब्रुवारी

हजेरीला सनी "व्हय टीचर" म्हणाला. सगळा वर्ग ओरडला — खटपट! खटपट! सनी रडला. मृणे, तुझं पुस्तक चुलीत घालते.

१० फेब्रुवारी

आली. खादीचा कुर्ता, मोठं कुंकू. रोबोचा आवाज काढून वाचलं. टाळ्या, फोटो. मग स्टाफरूममध्ये मला मिठी मारली.

"चैतू! कसं वाटलं?"

"मला नोकर केलंस."

"काय? अगं, किती प्रेमानं लिहिलंय! आणि खटपट म्हणजे तू न—"

"प्रेमानं? चहा आणायला लावलास, बोली सुधारलीस, वर चांदणी चिकटवलीस. ठेव तुझी चांदणी तुलाच!"

सगळ्या टीचर बघत होत्या. हातातली प्रत तिच्या पायाशी टाकली. पुस्तक असं टाकू नये. टाकलं. बरं वाटलं.

ती रडायला लागली. रड म्हटलं!

११ फेब्रुवारी

तिच्या आईचा आबांना फोन. माझ्या जन्माआधीपासून आबा हा बंगला सांभाळतात. मॅडमचा आवाज बाहेरपर्यंत येत होता — "निवृत्ती, मुलीला आवर. मृणूची माफी मागू दे, नाहीतर खोली रिकामी कर." आणि आबा? "व्हय मॅडम. व्हय मॅडम." मला मॅडमपेक्षा आबांचाच राग आला.

आई म्हणाली, "माग की बाई माफी. दोन शब्दानं तुझं काय झिजतंय? ह्या वयात ह्यांनी कुटं काम हुडकायचं?"

"मागणार नाही."

"आन् ऱ्हायाचं कुटं?"

आबा म्हणाले, "काय हाय त्या पुस्तकात? दे बरं हिकडं."

दिलं. नीट हातात दिलं नाही, खाटेवर भिरकावलं.

१२ फेब्रुवारी

माफी मागितली तर खोली राहील, मी राहणार नाही. मृणू, तुझं कधीही भलं होऊ नये!

१३ फेब्रुवारी

सकाळी आबांनी बंगल्याच्या चाव्या परत दिल्या. स्वतःहून. उद्या टेम्पो येतोय, सामान मावशीकडे. मी म्हटलं, "आबा, माझ्यासाठी कशाला? मी बघितलं असतं काहीतरी."

त्यांनी पुस्तक उघडलं. खटपटवर बोट ठेवलं.

"चैता, ह्येचा उजवा खांदा बघ. कसा पडल्याला हाय. टाकी धुताना घसरलो, तवापास्नं माझा असाच हाय." पान माझ्याकडं फिरवलं. "ह्यो मी हाय गं. तू तर ह्यात कुटंच न्हाईस."