आर्विद सरांची शेवटची दुरुस्ती

पुणतांबा,
गुरुवार, दुपार

प्रिय वृषू,

सप्रेम जयभीम. हे फोनवर सांगायला गेलो तर "अण्णा, मीटिंग आहे, मेसेज टाका" म्हणशील, आणि मेसेजात मावणारी ही गोष्ट नाही. म्हणून हाताने लिहितो आहे. शेजारची निकिता पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवणार आहे. येत्या रविवारी तू आर्विद सरांनी केलेली शेवटची दुरुस्ती सगळ्या जगाकडे पाठवणार आहेस, असं आईला म्हणालीस. ती पाठवायच्या आधी हे पत्र पुरतं वाच. मधल्या ओळी गाळून शेवटाला उडी मारायची तुझी सवय मला ठाऊक आहे. कवितेतलं मधलं कडवं तू नेहमी असंच खायचीस.

परवा निकिताच्या वडिलांनी, मच्छिंद्रने, मला पारावर धरलं. "गुरुजी, तुमची पोरगी नेमकं करती काय पुन्याला?" मी म्हटलं, संगणकाच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्या गाभ्यात फाईली कुठे ठेवायच्या, कशा सांभाळायच्या, मागितल्या की कशा काढून द्यायच्या हे पाहणारा एक भाग आहे. जगभरातले लोक मिळून तो लिहितात, सगळ्यांना उघडा आहे. कुणी नवी सुधारणा केली की कधी कधी आधी धड चाललेलं काहीतरी मोडतं. त्याला ही मंडळी रिग्रेशन म्हणतात. कुठल्या सुधारणेनं काय मोडलं ते आमची वृषाली हुडकून काढते. मच्छिंद्रने विचारलं, "मंग मालक कोन त्याचा?" मी म्हटलं, मालक नाही. "मंग चुकलं तर शिव्या कुनाला घालायच्या?" मला उत्तर येत होतं, पण दिलं नाही. त्या भागावर तिकडे नॉर्वेत समुद्राकाठी एक म्हातारा लक्ष ठेवून असायचा, त्याच्या 'हो'शिवाय त्यात काडी इकडची तिकडे व्हायची नाही, आणि आमची मुलगी त्याला सर म्हणायची, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आता लपवून काय करू? त्या माणसाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. आई उघड म्हणते, "म्हाताऱ्याला सवत आली, आन् तीबी दाढीवाली." तिला त्यांचं नाव नीट घेता यायचं नाही, ती अरविंदभाऊ म्हणायची. त्यांनी एकदा तुला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आईचा गुडघा कसा आहे म्हणून विचारलं होतं ना, तेव्हापासून ते तिच्या माहेरचे झाले. ते गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी तिने बुद्धाच्या मूर्तीपुढे त्यांच्या नावाची मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि मलाही म्हणायला लावलं. मी म्हटलं. ओठांनी म्हटलं. मनात मात्र येत होतं की माझ्याच घरात, माझ्याच काडेपेटीने, हा माणूस उजळतो आहे.

तू दिवाळीनंतर आली होतीस, तो दिवस आठव. ओसरीवर सतरंजी टाकून मी बसलो होतो. आमच्या वेळी तिसगावच्या शाळेत कविता कुठल्या चालींवर म्हणायचे, कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दाला सगळा वर्ग मान हलवायचा, हे सगळं मी संगणकावर उतरवायला घेतलं होतं. त्यातलं एक पान तुला वाचून दाखवायचं होतं. तू लॅपटॉप मांडीवर घेऊन समोर बसली होतीस. मी पहिली ओळ वाचली, चाल लावली, आणि तू एकदम उठलीस. "आई! आर्विद सरांनी माझा पॅच घेतला, माझी दुरुस्ती!" म्हणत स्वयंपाकघरात पळालीस. आईचे हात पिठाचे, तुझ्या पाठीवर दोन पांढरे पंजे उठले. मी सतरंजीवर तोंड उघडं टाकून बसलो होतो, चाल अर्धीच राहिलेली. तू परत आलीस आणि म्हणालीस, "हं, अण्णा, काय सांगत होता?" मी म्हटलं, काही नाही.

मग तू त्यांचं ते पत्र मराठी करून आम्हाला ऐकवलंस. बर्फात फिरायला गेले होते, तुझ्या दुरुस्तीचा विचार करत चालले होते, वाटेत एक पक्षी कुंपणावर बसला होता, तो उडेपर्यंत थांबले आणि तेवढ्यात त्यांना तुझं म्हणणं पटलं. आई म्हणाली, "किती गोड लिवतो गं मानूस." मी पान चघळत होतो. वृषू, ते पत्र मी लिहायला हवं होतं. कुंपण, पक्षी, थांबणं, हे सगळं माझ्या खात्यातलं. मला तू पाठवतेस "जेवलात का?" आणि मी पाठवतो "हो". त्यांना तू पानंच्या पानं लिहायचीस. मी पाहिलं आहे तुला लिहिताना. एक ओळ लिहायची, खोडायची, ओठ दातात धरून खिडकीबाहेर बघायचं. माझ्या हाताखाली निबंध लिहायचीस तेव्हा तुझा चेहरा असाच असायचा.

आणि ती अर्ध्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी फोनवर तू किती हरखून सांगत होतीस: "अण्णा, मोडतोड कुठल्या सुधारणेत झाली ते शोधायचं तर सगळ्या तपासत नाहीत बसायचं. जुनी आवृत्ती चांगली, नवी वाईट, तर बरोबर मधली घ्यायची. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट निघाली तर मागच्या. पुन्हा अर्धं, पुन्हा अर्धं. आर्विद सरांनी इतकं सुंदर समजावलं!" मी म्हटलं, वा. आता सांगतो. वर्गात सगळे मिळून कविता म्हणायचे आणि एक आवाज चालीतून घसरायचा. कुणाचा ते कळायचं नाही. मग मी खिडकीकडच्या अर्ध्या वर्गाला म्हणायला लावायचो. घसरण ऐकू आली की त्यांचे पुन्हा दोन भाग. असं करत करत कडूबाईंच्या ओंकारपाशी येऊन थांबायचो आणि सगळा वर्ग टाळ्या पिटायचा. तू दुसऱ्या बाकावर बसलेली असायचीस, सगळ्यात मोठ्याने टाळ्या तुझ्या. ही युक्ती साऱ्या जगाला माहीत असेल, ती माझी आहे असं मी म्हणत नाही. पण तुला ती नॉर्वेहून यावी?

सगळ्यात जास्त टोचलं ते सांगतो. नगरला माझ्या हृदयात ती जाळी बसवली, तेव्हा तू सगळं बघितलंस. डॉक्टर, औषधं, आईचं जेवण, रात्रीची बाकड्यावरची झोप. एकदाही डोळ्यांत पाणी नाही. मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो, पोरगी वाघीण आहे. आणि आर्विद सर गेले त्या दिवशी तुझा फोन आला तर तुला बोलताच येईना. नुसता हुंदका, मग आईने फोन घेतला. मी शेजारी उभा होतो. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. मी गेलो तर ही एवढी रडेल का, असं वाटलं. गेलेल्या माणसाचा हेवा करणारा म्हातारा याहून हास्यास्पद काय असतं, तूच सांग. आईला कळलं. ती नुसती म्हणाली, "चला, च्या ठिवते."

एका गोष्टीत मात्र मी त्यांच्या बरोबरीचा होतो, आणि ती गोष्ट आम्हाला लाईटने दिली. पावसाळ्यात मी चालींबद्दलचं लिहीत असताना लाईट गेली, आली, आणि मशीन सुरू केलं तर फाईलचं नाव जागेवर होतं पण आत काहीच नव्हतं. तुला सांगितलं तर तू आधी मलाच दोष दिलास: "अण्णा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल." मग तू मला समजावलंस. जुन्या फाईलवर नवं लिहितात तेव्हा नवा मजकूर आधी बाजूला ठेवतात आणि मग त्याला जुनं नाव देतात. मध्येच वीज गेली तर एक तर जुनं राहायला हवं, नाहीतर नवं. दोन्हीही नाही असं होताच कामा नये, फाईली सांभाळणाऱ्याने दिलेला तो शब्द आहे. तुमच्याकडे पुण्याला मशीनं खोटी खोटी बंद करून पाहिली, तिथे सगळं ठीक. इथे महावितरण खरोखर बंद करतं, इथे फाईल रिकामी. मग तू या मशीनला इन्व्हर्टर लावायची बंदी केलीस, आणि मी जुन्या-नव्या आवृत्त्या टाकून भिंतीवरचं मेनचं बटण खाली ओढून वीज तोडत बसलो. दोष कुठल्या सुधारणेत आहे ते तू याच मशीनवर शोधलंस. त्यावर दुरुस्ती आर्विद सरांनी लिहिली, आजारी असताना, अंथरुणातून. ती त्यांची शेवटची. तू म्हणालीस, आता त्यांच्या नावाने ती जशीच्या तशी जाऊ दे, सगळे तयार आहेत, कुणी तिच्यातलं अक्षर बदलणार नाही.

सोमवारी तुझा मेसेज आला होता, "अण्णा, तुमच्या मशीनवर एकदा बघा, नुसतं औपचारिक." मी बघितलं. लिहिलं, सेव्ह केलं, बटण ओढलं, सुरू केलं. फाईल शाबूत. खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं. मग मी ते बघणं सोडून माझं नेहमीचं लिहायला बसलो आणि लाईट गेली. आली तेव्हा फाईल रिकामी. नाव तेवढं उरलेलं. वृषू, त्या क्षणी मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकत नाही. मी मोठ्याने हसलो. आई धावत आली. मी म्हटलं, चुकला! तुझा अरविंदभाऊ चुकला! तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हसायचा थांबलो. म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं आसंल." मी म्हटलं, अगं, लाईट मी घालवली का? तर म्हणाली, "तुमचा भरवसा न्हाई. सरका. मला दाखवा कसं करायचं ते." आणि चष्मा लावून ती बसली. एका बोटाने तिने टाईप केलं, मी सांगितलं तसं सेव्ह केलं, स्वतः बटण ओढलं. फाईल ठीक निघाली. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की मी लिहिताना करतो तसं तिने केलंच नाही.

मी प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करतो. लाईटच्या भीतीने लागलेली सवय, ओळ संपली की बोट आपोआप जातं, लगेच दुसरी ओळ, पुन्हा सेव्ह. आणि मला आठवलं, त्यांचं एक पत्र तू ओसरीवर वाचत असताना मध्येच म्हणाली होतीस, "अण्णा, सर विचारतात, तुमचे वडील सेव्ह कसं करतात? एकदाच, की पुन्हा पुन्हा?" मी तोंडातलं पान थुंकायला उठलो आणि परत येईपर्यंत तू उत्तर लिहून मोकळी झाली होतीस. "सांगितलं, सगळ्यांसारखं एकदा, शेवटी." जगात सगळे तसंच करतात, तुझं काय चुकलं? पण त्यांनी दुरुस्ती तुझ्या त्या उत्तरावर बेतली. आईने मग माझ्यासारखं केलं, ओळ, सेव्ह, ओळ, सेव्ह, बटण. रिकामी. तिने पुन्हा केलं. रिकामी. मग चष्मा काढत ती म्हणाली, "त्यानं तुमची चवकशी केल्ती. आपल्या पोरीनं न्हाई केली." इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, मी कसा लिहितो हे त्या एकट्यालाच जाणून घ्यायचं होतं. म्हणून हे पत्र. रविवारी ती दुरुस्ती तशीच पाठवू नकोस. तू ती प्रेमाने जपते आहेस, मला कळतं, पण त्यांच्या शेवटच्या कामावर विसंबून कुणाची तरी फाईल अशी रिकामी निघाली तर ते त्यांना चालेल का, ते तूच मला सांग. मी सांगितलं तर तुला तो माझा हेवा वाटेल, आणि हेवा आहेच, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नकोस, आईच्या हातचं बघ. शनिवारी ये. ओळ आणि सेव्ह यांच्यातलं जे काही निसटतं ते तू शोध, नाव त्यांचंच राहू दे. तोवर मशीन जसंच्या तसं ठेवलं आहे, त्यावर आईने टॉवेल टाकला आहे, आणि तू येईपर्यंत मला त्या खोलीत पाऊल टाकायला तिने मनाई केली आहे.

तुझाच,
ओसरीवर बसलेला
अण्णा