कडेची फट

४ मार्च
मिस्त्री फार गोड बोलतो. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली!

हॉलची जुनी फरशी आज उखडली. तिच्याच तडकलेल्या कोपऱ्यात पाय अडकून सासूबाई पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन, आता वॉकर. आई पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ह्यांना म्हटलं, कामावर लक्ष ठेवा. म्हणाले, तू आहेस ना!

आहेच.

६ मार्च
मिस्त्री म्हणे, खाली पोकळी राहिली की वजन पडल्यावर फरशी तडकते. एक बसवलेली परत उचलून दाखवली — खाली सिमेंटचा मसाला कडेपर्यंत लागलेला. दाखवायची नीट भरली असेल. बाकीच्यांचं काय?

७ मार्च
कालच्या सगळ्या फरश्या नाण्याने वाजवून बघितल्या. एकही पोकळ नाही. पक्का चलाख माणूस!

आईंची आणि त्याची गट्टी जमली आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे मेमध्ये निघणारं अख्ख्या घराचं काम आईंनीच त्याला मिळवून दिलं. मला विचारलं कोणी?

९ मार्च
पकडला! भिंतीच्या कडेने चारी बाजूंना पेन्सिल जाईल एवढी फट, वरून चिकटपट्टी. जाब विचारला. "वहिनी, उन्हाने फरशी फुगते. सरकायला जागा नसली तर उचलून फुटते. वर भिंतीलगत स्कर्टिंगच्या उभ्या फरश्या बसल्या की फट दिसणार नाही."

फरशी फुगते! मला शेंडी लावतोय.

१० मार्च, रविवार
मिस्त्रीची सुट्टी. हे बाहेर. आई आतल्या खोलीत दुपारच्या झोपलेल्या. पट्टी उचलली, उरलेलं सिमेंट कालवलं आणि जुन्या चमच्याने फट गच्च भरली. पट्टी होती तशी परत लावली. कंबरेचे तीन तेरा वाजले, पण जीव शांत झाला.

११ मार्च
स्कर्टिंग बसलं. त्याला पत्ताही नाही.

२ मे
दुपारी खिडकीपाशी केवढा आवाज! ऊन येतं तिथल्या दोन फरश्या उचलून एकमेकींना टेकल्या, तिसरी उभी तडकली. आई वॉकर घेऊन दोन पावलांवर होत्या. त्यांना धरून मागे नेलं.

हे मिस्त्रीला फोनवर नाही नाही ते बोलले.

३ मे
मिस्त्रीने येऊन स्कर्टिंग काढलं. सिमेंटवरून बोट फिरवलं. "साहेब, हे मी भरलेलं नाही."

"मग काय भुताने भरलं?"

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शब्द ओठांवर आले होते. नाही बोलले. लाज वाटते स्वतःची.

संध्याकाळी वरच्या वहिनींनी निरोप पाठवला — त्यांनी घराच्या कामाला दुसरा माणूस ठरवला.

४ मे
सकाळी आईंना औषध द्यायला गेले. म्हणाल्या, "त्या रविवारी मी जागी होते. आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून काल मिस्त्रीसमोरसुद्धा गप्प बसले."

ह्यांना सगळं सांगितलं. मिस्त्रीला चार वेळा फोन लावला. उचलत नाही.