जादा गाणं फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात

ती. वन्संना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून खुर्चीतूनच केला, पण मान पार खाली घातली आहे, ती का ते पुढं कळेल.) तुमची कंबर कशी आहे? तुमचे बंधू ठीक आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. अक्षर वेडंवाकडं आहे, पण शिकवलंत तुम्हीच, तेव्हा बोलू नका.

तर आपल्या गाणाऱ्या नातवाची पहिली सीडी आली. आनंद इतका की एका सकाळी दूध दोनदा उतू गेलं. हल्ली म्हणे एकच सीडी प्रत्येक दुकानात निराळी. एका दुकानात सोबत पोस्टर, दुसऱ्यात गाणी कशी केली त्याचा व्हिडिओ, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात एक जादा गाणं, जे जगात दुसरीकडं कुठं मिळायचं नाही. (आपल्या वेळी साबणावर चमचा फुकट असायचा, पण तो सगळ्या दुकानांतला सारखाच वाकायचा.)

वन्सं, ते जादा गाणं मी गायलंय.

झालं असं, मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते आणि तोंडानं तुमची अंगाई चालली होती. तीच, "झोप आली दारापाशी, चपला काढून आत ये". तुमच्या बंधूंना निजवायला तुम्ही रचलेली, आणि माझं पहिलं मूल रडून रडून काळंनिळं झालं तेव्हा मला शिकवलेली. नातवानं फोन पुढं धरला आणि सगळं भरून घेतलं, मटार भांड्यात पडतात तेसुद्धा. (लोकांना म्हणे तोच ठेका आवडतो.) मग विचारलं, "आजी, हे कुणी केलं गं?" आणि मी म्हणाले, मी. कसं तोंडातून गेलं देव जाणे. आजवर मला कुणी "काय केलंस?" विचारलं तर ते भाजीचंच असायचं. पोराचे डोळे असे चमकले की शब्द परत गिळता येईना. आता कव्हरवर छापलंय, आजीनं स्वतः रचलेलं.

मग आला तुमच्या लेकीचा फोन. म्हणाली, मामी, आईसाठी मी कोपऱ्यावरच्या दुकानातलीच घेणार. झालं! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात. आत स्टुलावर बसले आणि येईल त्याला सांगू लागले, बाळा, ही नको, पलीकडं जा, तिथं पोस्टर मिळतं, भिंतीचे पोपडे झाकायला बरं. सात गिऱ्हाइकं घालवली. आठवं निघालं तोच दुकानदार तावातावानं आला, "ओ आजी, पलीकडच्यानं बसवलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "अरे मेल्या, मी कशाला त्याची..." तर तो थबकलाच. आवाज ओळखला! (मटारांशिवाय ओळखला. हे सांगायची लाज वाटते, पण सांगते.) लगेच स्टूल गेलं, खुर्ची आली, पंखा माझ्याकडं वळला आणि पुढ्यात सीडींचा ढीग. सही करा म्हणाला.

वन्सं, मी पेन घेतलं. छापलेलं काही खोडता येईना. म्हणून प्रत्येक कव्हरवर मी तुमचं नाव लिहिलं, काने-मात्रे एकही न चुकवता. संध्याकाळपर्यंत एक सीडी उरली नाही. आता नातवाला काय सांगू ते सुचत नाही, आणि तुमच्यापुढं यायला तर तोंडच नाही.

तुमची,
चोरटी भावजय

ता. क. दुकानदार आता मला तुमच्याच नावानं हाक मारतो आणि मी ओ देते. शनिवारी दुकानात गायला बोलावलंय, सबंध गाणं. मला दोनच कडवी येतात. तिसरं उलट टपाली पाठवाल का? खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलंय. नातवाला सांगून टाकलं. तो माझ्या पुढ्यातले मटार सोलू लागला. तिसरं कडवं पाठवू नका, तुम्हीच या. खुर्ची तुमची, पंखा तुमच्याकडं. मी बाजूला स्टुलावर मटार घेऊन बसते. ठेका तेवढा माझा आहे.