माझ्या पेशी भांडतील का

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सणानंतरचा रविवार, संध्याकाळ. हैदराबाद, दवाखाना.

उद्या माझ्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढणार, मग त्या माझ्या पोरीला, पल्लवीला देणार. तिचा नसांचा कॅन्सर केमोनंतरही परत आला. डॉक्टर म्हणाले, उपचार नवा आहे, खात्री देता येत नाही. आधी तिच्या आईच्या, शांताच्या पेशी घ्यायचं ठरलं होतं. तिची तपासणीही झाली होती. दिवाळीआधी तीच तापाने गेली. आता पोरीला मी एकटा उरलो.

सिस्टरनी दुपारी पल्लवीला समजावलं, अप्पांच्या पेशी तुझ्या गाठीशी भांडतील. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अप्पा, तुम्ही तर कुणाशीच भांडत न्हाई. तुमच्या पेशी कशा भांडतील?"

सिस्टर हसल्या, मीही हसलो. पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मी कामाला आहे त्या कोळारच्या गोदामात कुणी आवाज चढवला तर मी खाली बघतो. घरात भांडायची ती शांता. गाठ साधी आहे म्हणणाऱ्यांशी भांडून तिनेच पोरीला इथवर आणलं. पेशींना माणसाचा स्वभाव असतो का? नसावा. डॉक्टरांना विचारायचं होतं. तेही विचारलं नाही.

आत्ता पल्लवीने माझी बाही वर सरकवली आणि दंडाशी तोंड नेऊन दटावलं, "उद्या गप्प बसायचं न्हाई. ऐकायलाव का?"

अगदी शांताचा सूर. शांताला जे म्हणायचो तेच तोंडून निघालं, "व्हय."

म्हणालो खरं. बाही अजून खाली केलेली नाही.