पुस्तकांना खडे लागले त्याची हकिकत

डिंडोली, सुरत
७ जानेवारी

आदरणीय धम्मरत्नकाका यांना पुतणी प्रज्ञाचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे तुमच्या जावयाची, नागनाथची दाढ वगळता, जी त्यांना काढायचीही नाही आणि विसरायचीही नाही. आणि माझी शाळेतली अब्रू वगळता, जिच्याबद्दल हे पत्र आहे. भुसावळला थंडी फार आहे असं काकूकडून कळलं. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं हे खरं, पण स्टेशनवर जाऊन एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर चालायला आणि तिथल्या नव्या तिकीट तपासनिसांना त्यांचं काम शिकवायला सांगितलं नव्हतं, असं काकूचं म्हणणं आहे. (मी तिची बाजू घेत नाही. फक्त कळवते.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर काका, रागावू नका, पण तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलेल्या माणसाला समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय राहत नाही. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथल्या मराठी शाळेत तिसरी ते पाचवीला शिकवते. जूनमध्ये ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि मुख्याध्यापक चंद्रकांत सरांनी सभेत विचारलं, हा चार्ज कोण घेतंय? सगळ्यांनी झटकन खाली पाहिलं. मी त्या वेळी शेवेचा डबा तोंडात रिकामा करत होते, त्यामुळे माझी मान वर होती. एवढ्या पात्रतेवर मी ग्रंथपाल झाले. किल्ली हातात आली तेव्हा कळलं की कपाट नऊ वर्षांत फक्त पुस्तकं मोजण्यासाठी उघडलं गेलं होतं. हरवलेलं पुस्तक चार्जवाल्याने भरून द्यायचं असा नियम असल्यामुळे आधीच्या बाईंनी एकही पुस्तक हरवू दिलं नव्हतं, कारण एकही दिलं नव्हतं. आत काय होतं म्हणाल, तर कुक्कुटपालनावर चार, विहिरीच्या बांधकामावर दोन, गरोदर मातेच्या आहाराच्या सात प्रती (आमच्याकडे पाचवीपर्यंतच वर्ग आहेत) आणि बोधकथांचा एक गठ्ठा, ज्यात झाडावर चढणारा प्रत्येक मुलगा पडतो आणि पडल्या पडल्या सुधारतो. मुलांना हातात धरावीशी वाटतील अशी सगळी मिळून अकरा निघाली.

आता चंद्रकांत सरांची नजर कधीपासून त्या खोलीवर आहे. त्यांना तिथे मोडके बाक ठेवायचे आहेत. मोडके बाक इतक्या मायेने जपणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी खोली सोडायला तयार नाही म्हटल्यावर त्यांनी अट घातली: सव्वीस जानेवारीपर्यंत तिन्ही वर्गांच्या एकशे चाळीस मुलांपैकी प्रत्येकाने निदान एक पुस्तक घरी नेलं पाहिजे आणि त्यात काय आहे ते त्यांच्यासमोर सांगितलं पाहिजे. एक मूल जरी राहिलं तर खोली बाकांची. मी हो म्हणाले. (तुम्ही ओळखताच, मी हो आधी म्हणते आणि विचार घरी येऊन करते.)

मग शोध सुरू झाला. सुरतेत मराठी बालपुस्तकं मिळवणं म्हणजे काय असतं ते मी आता व्याख्यान देऊन सांगू शकते. स्टेशनजवळच्या चार दुकानांत गेले. तिघांनी गाइडं दाखवली, चौथा भला माणूस होता, त्याने बराच वेळ शोधलं आणि म्हणाला, “बेन, मराठीमां तो पंचांग छे. आपुं?” (म्हणजे, देऊ का?) मग एका रविवारी पॅसेंजरने नंदुरबारला गेले, तिथल्या पुस्तक प्रदर्शनातून मांडीवर मावतील तितकी आणली. मग ग्रंथपालांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं की फुकट उतरवून घेता येतील अशी चित्रांची पुस्तकं मराठीतही असतात. मला इतका आनंद झाला की शहानिशा न करता पंधरा पुस्तकं झेरॉक्सवाल्याकडे काढायला दिली. त्याच्याकडचं यंत्र काळंपांढरं होतं. त्यातलं एक पुस्तक रंगांची ओळख करून देणारं होतं. तिसरीच्या वर्गाला आता खात्री आहे की पोपट, टोमॅटो आणि सूर्य हे तिन्ही राखाडी असतात.

शाळेच्या ग्रंथपालांना मार्गदर्शन करणारं एक परदेशी संकेतस्थळही सापडलं. त्यात लिहिलं होतं की मुलांना लोळत वाचता येईल असा मऊ कोपरा करावा. मऊ गाद्या कुठून आणणार? नागनाथ साडी मार्केटमध्ये पॅकिंगला आहेत, त्यांनी कापडाच्या चिंध्यांची पाच पोती आणून दिली. कोपरा झाला सुंदर, पण पहिल्याच तासाला चाळीस मुलं एकदम शिंकायला लागली आणि पुढचा तास संपेपर्यंत थांबली नाहीत. त्याच संकेतस्थळावर पाच बोटांची युक्ती होती. मुलाने पुस्तकाचं एक पान वाचायचं, शब्द अडला की एक बोट वर. पाचही बोटं वर आली तर पुस्तक अवघड आहे, बदलून घ्यायचं. मी नीट समजावून सांगितलं. दहा मिनिटांत वर्गभर ओरडा, मॅडम माझे पाच, मॅडम माझेपण पाच! आमच्या मुलांनी आयुष्यात पाचपैकी पाच ही एकच गोष्ट चांगली म्हणून ऐकलेली. चौथीतली स्वाती तर एका हाताची बोटं संपली म्हणून दुसऱ्या हाताला लागली होती, आणि तिच्या हातात विहिरीच्या बांधकामाचं पुस्तक होतं.

असो. अशी तशी करून माझ्याकडे शेहेचाळीस वाचण्यासारखी पुस्तकं जमली. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्यांतली अडतीस मी घरी दिली. (उरलेली आठ पहिल्या तासाच्या शिंकांत भिजली होती, ती खिडकीत वाळत होती.) आता इथून पुढची चूक सर्वस्वी माझी आहे, हे मी आधीच कबूल करते. पुस्तकं मळू नयेत म्हणून मी नागनाथकडून साड्यांची प्लास्टिकची कव्हरं मागून घेतली. प्रत्येक पुस्तक एका कव्हरात घातलं, वर मुलाच्या नावाची आणि नंबरची चिठ्ठी टाचली आणि सोमवारी परत आणायचं म्हणून बजावलं. काका, तुम्ही सुरतेत राहिला नाहीत, म्हणून सांगते. आमच्या मुलांच्या घरी, डिंडोलीत काय नि गोडादऱ्यात काय, शनिवारी मार्केटमधून साड्या येतात. प्लास्टिकच्या कव्हरात, वर नंबरची चिठ्ठी. आया रविवारभर त्यांना खडे चिकटवतात, लेस लावतात आणि सोमवारी माल परत जातो.

सोमवारी माझा माल परत आला.

वाघाच्या प्रत्येक पट्ट्यावर सोनेरी खडे होते. हत्तीला सोंडेपासून शेपटीपर्यंत चंदेरी लेस होती. एका पुस्तकाच्या चारही कडांना जरीचा काठ शिवलेला, आणि तो इतका सुबक की उघडताना मन होईना. राखाडी टोमॅटोवर कुणा माउलीने लाल टिकल्या लावल्या होत्या, तेवढ्यापुरती माझी चूक दुरुस्त झाली. दोघीतिघींनी नमुना पाठवला नाही म्हणून तक्रार सांगून पाठवली होती. नमुना नसल्यामुळे मनाने डिझाइन केलं, पसंत नसेल तर बोलू नये, असं. आणि स्वातीची आई पार्वतीबाई तर स्वतः फाटकाशी उभी. “मॅडम, व्हई गयं काम. आनखी शे का?” काम झालं होतं आणि त्यांना आणखी हवं होतं.

चंद्रकांत सरांनी वाघ हातात घेतला आणि नखाने एक खडा खरवडून पाहिला. मग म्हणाले, “ही शाळेची मालमत्ता आहे का शालू?” त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की खडे लावलेलं पुस्तक हे पुस्तक धरलं जाणार नाही. नंबर, शिक्का, सगळं लेसखाली गेलेलं. ती अडतीस बाद. मला एवढं वाईट वाटलं की मी चिंध्यांच्या पोत्यावर बसून रडले, आणि तिथेही शिंक आलीच.

पण त्या संध्याकाळी मी पार्वतीबाईंकडे गेले. हे काम नव्हतं, पुस्तक वाचायला दिलं होतं, एवढंच सांगायचं होतं. त्यांचं घर एका खोलीचं, अर्ध्या खोलीत साड्यांचे गठ्ठे. मी पुस्तक दाखवलं. त्यात शेळीकडे भाड्याने राहिलेल्या कोल्ह्याची गोष्ट आहे, शाळेच्या जुन्या कपाटातली. शेळीला त्यांनी नथ, पैंजण, काठ, सगळं केलेलं, कोल्हा मात्र तसाच कोरडा. मी सहज विचारलं, याचं राहून गेलं का? त्यावर त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की ग्रंथपाल मी आहे की त्या हे कळेना. “कोल्हाले एक भी खडा लावा नही,” त्या म्हणाल्या. “लबाड शे तो.”

काका, पार्वतीबाईंना वाचता येत नाही. खडे कुणाला लावायचे आणि कुणाला नाही हे ठरवायचं म्हणून त्यांनी स्वातीला सगळं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं होतं. दोनदा. शेजारच्या दोघी आपापले गठ्ठे घेऊन ऐकायला येऊन बसल्या होत्या. पाच बोटं वर करणारी स्वाती, अडली तर तिघी मिळून शब्द लावत होत्या. आणि मी निघाले तेव्हा पार्वतीबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पुढे काय व्हयनं?” त्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. मला सांगता येईना, कारण मी ते वाचलंच नव्हतं. ग्रंथपाल बाई, नऊ वर्षं कुलूपबंद कपाटावर टीका करणाऱ्या, आणि आतली अकरा पुस्तकंसुद्धा वाचलेली नाहीत. मला स्वतःची लाज वाटली, स्पष्टच लिहिते. घरी येऊन मी शेवट रचला, पानावर लिहून चिकटवला. पार्वतीबाईंना तो पसंत पडला नाही, कोल्हा फार सहज सुटला म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी मिळून दुसरा केला.

तर अशी हकिकत आहे. माझ्या हिशेबाने अडतीस घरांत पुस्तक शिरलं. सरांच्या हिशेबाने माझ्याकडे आठ पुस्तकं आहेत, एकशे चाळीस मुलं आहेत आणि एकोणीस दिवस, ज्यांतले चार संक्रांतीच्या पतंगांत जाणार. त्यांनी मोडके बाक खोलीच्या दारापर्यंत आणून ठेवले आहेत. मी रोज त्यांना ओलांडून आत जाते. मी ही खोली सोडणार नाही. बाक आत आले तर मी त्यांच्यावर बसून मुलांना वाचून दाखवीन, पण सोडणार नाही. आता आया शनिवारी विचारतात, मॅडम, पुस्तक कधी देणार, आणि मला रस्ता बदलून घरी जावं लागतं.

तुम्हाला त्रास द्यावा असा माझा मुळीच हेतू नाही. मन मोकळं करायला घरचं वडील माणूस लागतं, एवढंच. गुडघ्यांना गरम तेल लावत जा. काकूला जयभीम.

तुमची पुतणी,
प्रज्ञा

ता. क. – तुमच्या बैठकीच्या खोलीत जे काचेचं कपाट आहे, त्यातली तुमच्या प्रदीपची लहानपणची पुस्तकं मला हवी आहेत. सगळी. तुम्ही दर पगाराला एक आणायचात, कव्हर घालायचात, पाठीवर सुंदर अक्षरात नाव लिहायचात. ती दीडशेच्या वर आहेत. मी येत्या रविवारी भुसावळला येते आहे. सोबत पार्वतीबाई आणि त्यांच्या दोन शेजारणी असतील, गठ्ठे बांधण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चौघींचा स्वयंपाक काकूला सांगून ठेवला आहे. आमची तिकिटं काढलेली आहेत, ती तुम्ही खुशाल तपासा.

आणखी एक – ती प्रदीपची आठवण आहे असं तुम्ही म्हणाल. प्रदीप पुण्यात आहे, चांगला धडधाकट आहे, आणि मी त्याला विचारलं. तो म्हणाला, कोणती पुस्तकं? मग त्याला आठवलं: हात धुऊन, पुसून, तुमच्यासमोर बसून वाचायचं, म्हणून तो क्रिकेट खेळायला जायचा.

आणखी एक – मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा काचेला नाक लावून ती नावं वाचायचे. चारही फळ्या मला पाठ होत्या. नावांवरून मी आतल्या गोष्टी रचायचे, सगळ्यांच्या. मला ते कपाट उघडून हवं आहे, असं तुम्हाला कधी सांगायचं धाडस झालं नाही. ते आज केलं. तुम्ही जयंतीच्या भाषणात वाचनाबद्दल जे दर वर्षी बोलता, ते मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं आहे आणि मला ते खरं वाटतं, म्हणून केलं.

शेवटचं – कुलपाची किल्ली हरवली आहे असं सांगू नका. धुडकूमामा परवा लग्नाला सुरतेत आले, त्यांच्या हाती काकूने ती मला पाठवली आहे. सोबत एक चिठ्ठी होती. तिने लिहिलंय, तीस वर्षं रोज त्या काचा मी पुसते, आतलं एक पुस्तक माझ्यासाठी काढून ठेव, कोणतंही चालेल.