मागच्या चकतीचे दाते

हर्ष,

आज अकरा वाजताची हृदयाची तपासणी रद्द कर. तुला काही झालेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी आपल्या सायकलींचे मागचे गिअर आपसांत बदलून घेतले.

लोअर परळच्या सायकलवाल्याने मला दाते मोजून दाखवले. तुझ्या मोठ्या चकतीला चौतीस, माझ्या चकतीला पंचवीस. वरळी सी फेसच्या सपाट रस्त्याला पंचवीस पुरतात. पेडर रोडच्या चढाला चौतीस असले की पाय हलका फिरतो. हे तुला माहीत होतं. तरी दोन वर्षं मी उतरून सायकल ढकलायचे आणि तू वर थांबून ग्रुपसाठी व्हिडिओ काढायचास. वर म्हणायचास, "गिअरचं निमित्त नको, तुझ्यात दमच नाही."

म्हणूनच चढावर धाप लागायला लागल्यावर तू एकदाही वाकून गिअर पाहिले नाहीस, सरळ डॉक्टरकडे गेलास. आई तुझ्यासाठी अळणी रांधतायत, त्यांना तूच सांग. आज डाळीत मी मीठ घातलंय.

मी खंडाळ्याच्या घाटात चाललेय. चौतीस माझ्याकडेच राहतील.

परवा तू रडत म्हणालास, "मित्रा, माझ्यात दमच उरला नाही गं." तेव्हाच सांगणार होते. मग वाटलं, अजून एकदा म्हणू दे.

मित्रा