हात न पोचणारी जागा

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हिंगोलीला दवाखान्यात जाऊन आलो. पाठ साफ झाली!

सुमन होती तोवर नायट्याला मलम तीच लावायची. ती गेल्यावर दोन खांद्यांच्या मधे माझा हात पोचेना, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची लाज. नायटा कमरेपर्यंत उतरला. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, मलम कोण लावून देतं? काकू?"

"ती गेली."

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "मग गोळ्याच घ्या. गोळीला कुणाचा हात लागत न्हाई, ती आतून पोचते."

आज पाठ बघून हसल्या. "जमलं की काका! पण बनियन गरम पाण्यातच धुवा, अन् गोळ्या मधीच सोडू नका."

नाही सोडणार. दोन खांद्यांच्या मधे खाज नाही, अजिबात नाही. सुमनशिवाय बरा झालो, याचा आनंद व्हावा का? झाला. खूप झाला.

बनियन गरम पाण्यात भिजत घातलं.